नांगराची निशाणी

त्या वर्षी अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि माणसं जमिनीवर चालायची विसरली होती. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि इकडं ज्याच्या पायात धड वहाण नव्हती तो चांदीचं कडं घालून बैल हाकू लागला. त्यात आगगाडीचे रूळ आले. अकोल्याशेजारच्या एका खेड्यात रुळाला लागूनच गोदाबाईचं सात एकरांचं काळंभोर वावर होतं, आणि कापसाच्या गठाणी रचायला मुंबईच्या एका कंपनीला नेमकं तेच हवं होतं.

विकत मागितलं असतं तर गोदाबाई नाही म्हणाली असती. पण तिला कोणी विचारलंच नाही. मोजणीचा साहेब आला आणि त्यानं भगवंतराव पाटलांना विचारलं, "हे वावर कोण वाहतं?" पाटील म्हणाले, "कोनीच नाई. मालक वारला." साहेबानं लिहून टाकलं: मालक मयत, जमीन पडीक, सरकारजमा.

आता पाटील काही लबाड माणूस नव्हते. कंपनीचा पैसाही त्यांनी खाल्ला नव्हता. गोष्ट अशी, की नवरा गेल्यापासून अकरा वर्षं गोदाबाई स्वतःच नांगर धरून ते वावर वाहत होती. बाईनं नांगराला हात लावला की पाऊस रुसतो, अशी गावाची समजूत. पाऊस बिचारा दर साली वेळेवर येत होता, पण समजुतीला कोण समजावणार! अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि अख्खं गाव तिकडं पाठ करून बसलं होतं. परक्या साहेबापुढं गावाची अब्रू झाकायला म्हणून पाटील तसं बोलले. गावाची अब्रू राहिली आणि बाईचं वावर गेलं.

तालुक्याच्या कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली मुन्शी बद्रुद्दीन अर्ज लिहून देत. त्यांनी गोदाबाईचे तीन अर्ज लिहिले, तिच्या वतीनं सहीही स्वतःच केली, आणि तिन्ही 'पडीक' असा शेरा घेऊन परत आले. वावर सरकारनं कंपनीला देऊन टाकलं आणि बांधावर भिंतीचे दगड येऊन पडले. पुढचा जेठ संपायच्या आत भिंत उठणार होती.

तिसरा अर्ज परत आला त्या दिवशी मुन्शीजी म्हणाले, "एकच दरवाजा बाकी हाय, माय. विलायतेत दोन सभा हायेत. वरच्या सभेत लॉर्ड बसतात. त्यातला एखादा उभा राहून गरिबाचा अर्ज सभेपुढं ठेवू शकते. एक बुढे लॉर्ड हिंदुस्थानचे कागद वाचतात म्हनून आयकलं. पन निशाणी तुह्याच हातची लागन."

ज्याला सही येत नाही त्याच्या निशाणीची रीत ठरलेली होती. कास्तकाराचा नांगर, न्हाव्याचा आरसा, बाईची बांगडी. मुन्शीजींनी बोरू पुढं केला आणि मग त्यांच्याच ध्यानात आलं, की विधवेच्या हाताला बांगडी कुठली. ते ओशाळून शाईच्या दौतीकडं बघू लागले.

गोदाबाईनं बोरू घेतला आणि नांगर काढला. रुमणं, दांडी, फाळ, सगळं जागच्या जागी.

"ज्यानं वाह्यलं त्याची निशाणी," ती म्हणाली. "यात काय चुकलं?"

मुन्शीजींना काही चुकलेलं सापडलं नाही. नांगराखाली त्यांनी इंग्रजीत तिचं नाव लिहिलं आणि कागद टपालात पडला.

दसरा गेला, संक्रांत गेली. आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मुन्शीजी स्वतः चालत वावरात आले, हातात मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र. ते बांधावरच्या दगडावरच टेकले.

"वाचलं त्यांनी, माय. भर सभेत."

"सभा केवढी असन? राजेश्वराच्या देवळाएवढी?"

"तशी दहा देवळं आत बसतीन."

मग त्यांनी एकेक ओळ सांगितली. म्हातारा लॉर्ड काठी टेकत उभा राहिला. अर्ज हातोहात फिरला, तसा एक तरणा लॉर्ड हसला. ही सही आहे की पोराचं चित्र, असं म्हणाला. म्हाताऱ्यानं सांगितलं, की त्या मुलखात माणूस ज्या अवजारावर पोट भरतो तेच सही म्हणून काढतो. मग त्यानं सरकारी कागद वाचला: ही जमीन कोणी नांगरत नाही. आणि अर्ज उंच धरून म्हणाला, हा नांगर जिनं काढला तीच ती जमीन नांगरते. सभेत कोणी हसलं नाही. मंत्र्यानं उठून फेरचौकशीचा शब्द दिला.

"माहं नाव घेतलं?"

"दोनदा घेतलं. पयल्यांदा जीभ वळली नाई म्हने."

गोदाबाई त्यांच्यासमोर मातीत बसली. काळी माती ज्यानं जन्मात पाहिली नाही, त्यानं तिचा नांगर हातात धरून राजेरजवाड्यांना दाखवला होता. शेजारीपाजारी जे तोंडावर पदर घेऊन कुजबुजत, ते सात समुद्रांपलीकडं मोठ्यानं बोललं गेलं होतं आणि आभाळ कोसळलं नव्हतं. तिनं मातीचं एक ढेकूळ उचललं आणि ते बराच वेळ हातात धरून राहिली.

"कागद उलटा तं नोयता धरला त्यानं?" तिनं विचारलं.

"सरळच धरला असन," मुन्शीजी म्हणाले.

जेठात दुसरा साहेब आला. चावडीवर सारा गाव जमला. साहेबानं पाटलांना तोच जुना प्रश्न केला, "हे वावर कोण वाहतं?"

पाटलांनी पागोटं सारखं केलं. गावाकडं पाहिलं. गाव जमिनीकडं बघत होतं. गोदाबाईला वाटलं, विलायतेच्या सभेत बोलणं एक वेळ सोपं असेल, या चावडीवर नाही.

"गोदाबाई वाह्यते," पाटील म्हणाले. "बारा सालापासून. नांगर तेच धरते. मांगं म्या सांगतलं ते खोटं होतं."

विलायतेचं ऐकून जिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं ती गोदाबाई आता पदरानं डोळे पुसू लागली. कारकुनानं 'पडीक' या शब्दावर आडवी रेघ मारली, तिची निशाणी घेतली आणि साक्षीदार म्हणून बोरू पाटलांच्या हाती दिला.

पाटील पाटीलकीच्या हजार कागदांवर नांगर काढत आले होते. आज तिच्या नांगराशेजारी आपला काढताना फाळ वाकडा आला आणि ते तो खोडायला लागले.

"राहू द्या, पाटील," गोदाबाई म्हणाली. "समजते."