चासीचा जोड

"ठोकी तो नहीं कभी?" बॉनेटवर बोटं वाजवत टिकाराम ठेकेदाराने विचारलं.

कृष्णराव साहेबांची गाडी क्वार्टरपुढच्या कडुनिंबाखाली उभी होती. कॅनव्हासचं छत मागे दुमडलं की सारी उघडी. अशी गाडी भिलाईत दुसरी नव्हती. साहेबांचा धाकटा भाऊ विजयकुमार घाईने म्हणाला, "छे, छे! एकदम नई समझो."

मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला देवाजी उठला. तो प्लांटातला वेल्डर. साहेब होते तेव्हापासून या गाडीचं काम तोच बघायचा. "ठोकी है, सेठ. बोरसी के पास, पुलिया पे. चासी तडक गई थी, मैंने जोडी." आणि बॅटरी पेटवून त्याने ठेकेदाराला गाडीखालचा सांगाडा बघायला बोलावलंसुद्धा.

ठेकेदार वाकलाही नाही. हात जोडून चालता झाला.

विजयकुमार उखडला. "तुले कोनं विचारलं होतं? क्वार्टर खाली करायचा आहे वहिनीले!"

देवाजीने दारात उभ्या साहेबांच्या पत्नीकडे, रत्नमालाबाईंकडे पाहिलं. साहेब तापाने गेल्याला चार महिने झाले होते. मुलींना घेऊन बाई अमरावतीला निघाल्या होत्या; गाडी विकून तिथे शिवणयंत्रं घ्यायची, वर्ग काढायचा, हा त्यांचा बेत त्याला ठाऊक होता. त्याचा आवाज खाली आला.

"बाई, जोड पक्का आहे. पन ह्या गाडीत त्याईचे लेकरं बसतीन, त्याईले मालूम पायजे. नागपूरले दीक्षा घेतली तवा खोटं बोलणार नाही म्हनलो होतो. मनातून म्हनलो होतो."

बाई आत गेल्या.

घरी त्याने भाकरीचं ताट बाजूला सारलं. "खरं बोलूनबी मानूस असा उदास कावून?" बायकोने, कमलाने विचारलं.

"नुकसान दुसऱ्याचं झालं ना वं."

पुढच्या रविवारी रायपूरचे एक डॉक्टर बायकोसह गाडी बघायला आले. देवाजीला कळवू नका, असं विजयकुमारने बजावलं होतं. बाईंनी मोलकरणीला पाठवून त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. तो दुपारच्या शिफ्टचा डबा घेऊनच आला.

डॉक्टरांनी काही विचारायच्या आत बाई म्हणाल्या, "गाडी आपटलेली आहे. खाली चासीला जोड आहे. यांनी घातलाय. दाखवा, देवाजी."

विजयकुमारने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी मात्र कोट उतरवला, पोतं अंथरलं आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरले. देवाजीने बॅटरी धरली. जोडावरून अंगठा फिरवत ते बराच वेळ पडून राहिले.

"मी सर्जन आहे," बाहेर येत ते म्हणाले. "इतका सुबक टाका मलाही जमत नाही."

गाडी ठरली. चावी देताना बाई म्हणाल्या, "डॉक्टर, यांना प्लांटच्या गेटापर्यंत सोडाल? आम्ही इतकी वर्षं यांना गाडीखालीच ठेवलं."

तेलकट पँटीकडे बघत देवाजीने मागच्या सीटवर पोतं टाकलं. बाईंनी ते ओढून काढलं. "बसा."

तो ताठ बसला, डबा मांडीवर. छत उघडं होतं. प्लांटच्या गेटापाशी सायकली धरून उभी असलेली माणसं गाडी पाहून बाजूला झाली; कोणी साहेब असेल म्हणून चौकीदाराने सलाम ठोकला. देवाजी अवघडला, पण सलाम त्याने परत केला. मग उतरून, डॉक्टरांना हात जोडून, खिशातला पास काढून तो रांगेत शेवटी उभा राहिला.