पुडीतला पान्हा

भैयाजी महाराजांच्या मांडवात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. धानोऱ्यापासून लोक आले होते. सगळ्यांपुढे बसवली होती नीलाबाईला. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही, आणि आता पदर दुधानं ओला. बाया तिच्या पाया पडत होत्या.

"देखो, मैया का चमत्कार!" महाराज गरजले. "आभाळ भरलं की पाणी येतेच ना? दूध आलं, आता लेकरू येणार!"

भरलेलं आभाळ किती वेळा कोरडंच निघून जातं, हे धान पेरणाऱ्या लोकांना ठाऊक नव्हतं का? पण सगळ्यांनी हात जोडले.

मी इथल्या उपकेंद्राची नर्स, नीलाबाईची शेजारीण. चमत्कार म्हटलं की माझं डोकं उठतं. तरी दूध खोटं नव्हतं, मी जवळून पाहिलं होतं. शिवाय गावाकडे आणखी एक पुरावा होता. पाळीच्या दिवसांत इथल्या बाया गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात, त्यामुळे कोणाची पाळी चुकली हे अख्ख्या गावाला कळतं. नीलाबाई चार महिने तिकडे फिरकली नव्हती. झालं! तिच्या नवऱ्यानं, बुधूनं, बांबूचा पाळणा विणायला घेतला.

"नीलाबाई, एकदा लघवी तपासू," मी म्हटलं.

"काऊन सिस्टर? दूध दिसून नाई राह्यलं काय तुमाले?"

तपासलं. पट्टीवर एकच रेघ. आठ दिवसांनी पुन्हा तपासलं, तरी एकच. गर्भ नव्हताच.

"खातेस काय रोज?"

"महाराजची पुडी. तीन टाइम."

मी सरळ मांडवामागे गेले. उकिरड्यावर उलटी थांबवायच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली होती, ढीगभर. ती आणि नीलाबाईकडची एक पुडी घेऊन मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले. पुडीत हीच गोळी कुटून घातलेली आहे, असं त्यांनी सांगितलं. परत आले ती मांडवातच, आणि सगळ्यांसमोर पाकिटं ओतली.

"दूध बनवायची कृती प्रत्येक बाईच्या छातीतल्या पेशींत असतेच," मी सांगितलं. "मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी रक्तातून निरोप धाडते, तेव्हा त्या पेशी दुधातली प्रथिनं बनवायला लागतात. एरवी मेंदू हा निरोप आवरून धरतो. ही गोळी तो आवर सोडवते. महाराज, तुम्हीच तीन टाइम खा महिनाभर, कोण जाणे, तुम्हालाही पान्हा फुटेल!"

मांडव हसला. महाराजांनी "पाप! घोर पाप!" म्हणत झोळी उचलली.

नीलाबाई हसली नाही. "मंग पाळी काऊन बंद झाली?"

हेच सांगणं मला नको होतं. "तोच निरोप बीज पिकू देत नाही, म्हणून पाळीही थांबते, बाई. पुडी चालू असेपर्यंत मूल राहणं अवघडच होतं."

"मनजे जे लेकरासाठी खाल्लं, त्यानंच लेकरू अडवलं?"

मी मान हलवली. बुधू उठून बाहेर गेला. तिनं ओला पदर मुठीत धरला. मग हळूच म्हणाली, "पण दूध तं खरं होतं ना, सिस्टर?"

"खरं होतं."

तेव्हा ती रडली. मीही रडले, लपवत नाही.

माणसांनो, डोळ्यांना दिसलं ते खरं असू शकतं. ते कशानं झालं, हे मात्र विचारा. नीलाबाईसाठी हा प्रश्न चार महिन्यांत कोणीच विचारला नाही. तिच्या शेजारी राहून मीसुद्धा उशीरच केला.