खिशावरचा बिल्ला

"उसवू नकोस गं ताई," धाकटा भाऊ म्हणाला. शर्ट टेबलावर ठेवला तरी त्यावरचा हात काही तो काढेना.

शिवणखोलीत पंपकारखान्याच्या शर्टांचा ढीग पडला होता. उद्योगसमूहाने तो कारखाना विकत घेतला होता आणि आता तिथल्या प्रत्येक खिशावरचा जुना बिल्ला उसवून समूहाचा कापडी बिल्ला लागायचा होता. समूहाने आधी दोऱ्याची गिरणी गिळली, मग बॅटरीवाले, मग ताई स्वतः कामाला होत्या तो पंख्यांचा कारखाना. तेव्हापासून समूहाचे बिल्ले ताईच लावत. मालक बदलला, शिवणयंत्र तेच राहिलं, असं त्या हसत सांगायच्या.

भावाचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याची उमेदीची सगळी वर्षं पंपकारखान्यात गेली होती. समूहाचा बिल्ला छातीवर लावणार नाही, असं तो फाटकावर चारचौघांत बोलून बसला होता, आणि उद्यापासून बिल्ल्याशिवाय कुणाला आत सोडणार नव्हते. पोरीचं शिक्षण अर्ध्यात आणि हा गडी हट्टाला पेटलेला. आज आला तोही भावजयीने रडून पाठवला म्हणून.

ताईंना त्याचा राग आला आणि कीवही आली. पंख्यांच्या कारखान्याचा बिल्ला त्यांनी स्वतःच्या हाताने उसवला होता. खालचं कापड न विटलेलं, अगदी नवंकोरं निघालं, आणि त्यांना भर दुपारी रडू फुटलं. डोळ्यात दोरा गेला म्हणून त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनाही ते पटलं होतं.

त्यांनी भावाचा हात बाजूला केला. समूहाचा बिल्ला आकाराने मोठा होता. तो त्यांनी जुन्या बिल्ल्यावरच ठेवला आणि चारी बाजूंनी टीप मारली.

"अगं, चालतं का हे?"

"कोण उचकटून बघणार आहे? इस्त्री तेवढी घरी कर."

भावाने खिसा चाचपला. "जाड लागतंय."

"लागू दे."

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेला. दुपारपर्यंत पंपवाले एकेक करून शिवणखोलीत येऊ लागले. भावाला लावला तसाच आम्हालाही लावा, असं दबक्या आवाजात सांगून ते शर्ट ठेवून जात. ताईंनी उसवायचं ब्लेड खणात टाकून दिलं.

सगळे गेल्यावर त्यांनी तोच खण पुन्हा उघडला. रिळांखाली पंख्यांचा बिल्ला जपून ठेवलेला होता. त्यांनी आपला कामाचा कोट काढला, खिशावरच्या बिल्ल्याची एक बाजू उसवली, जुना आत सरकवला आणि टीप घातली.