सावलीचा चढ

मेण घासायचा कॉर्कचा तो ठोकळा तिच्या मुठीत नीट बसत नव्हता — एका कोपऱ्याचा टवका उडालेला, कडांना जुनं मेण काळं होऊन चिकटलेलं — तरी टोवा तो स्कीच्या पोटावर पुढे-मागे, पुढे-मागे घासत राहिली, कारण हात थांबले की पाय थरथरायला लागत, आणि पाय थरथरायला लागले की कालचा दिवस आठवायचा. काल, शनिवारी, छोट्या अंतराच्या स्की शर्यतीत ब्रिन तिच्या सहा क्रमांक पुढे आली होती. सहा. पहिल्या वर्षाची पोर, काठ्या अजून शेतातलं गवत ओढल्यासारख्या मारते, आणि तरी... राष्ट्रीय स्पर्धेला कॉलेजातून तिघीच जाणार. दोघी ठरलेल्या. तिसरी टोवा, नाहीतर ब्रिन. "उद्या तुम्हा दोघींत जी पुढे, ती," केट्टुनेन कोच काल जेवताना म्हणाले होते, कुणी मीठ इकडे सरकव म्हणावं तसं, आणि पुन्हा आपल्या खिम्याच्या पास्टीकडे वळले होते. टोवासारख्या शेवटच्या, चौथ्या वर्षातल्या मुलीला पुढचा हिवाळा नसतो, हे त्यांनी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

"पुरे कर गं, भोक पडेल त्याला," युनिस म्हणाली. मेणाचं सगळं युनिसकडे होतं, टोवा जन्मायच्या आधीपासून. "जा, सावलीच्या चढावर जाऊन ये. मेण धरतंय का सांग."

मेण धरत होतं. स्की घालायला बर्फात पाडलेल्या, काल उन्हानं वितळून रात्रीत गोठलेल्या खोबणी काचेसारख्या चकाकत होत्या, आणि त्या चिकट मेणावर पाऊल असं घट्ट बसत होतं की चढ चढल्यासारखा वाटतच नव्हता. वर पोचल्यावर ती वळण्यासाठी खोबणीतून बाहेर पडली. स्प्रूसच्या झाडांखाली पहाटेचा कोरडा भुरभुरीत बर्फ साचला होता. तीन पावलं — तीनच — आणि दोन्ही स्कींखाली चिकट मेणाला धरलेले बर्फाचे मुठीएवढे गोळे. झटकून जाईनात. बुटाच्या टाचेनं खरवडावे लागले.

"वाटलंच होतं मला," तिनं खाली येऊन सांगितल्यावर युनिस म्हणाली. "त्या चढावर खोबण सोडू नका म्हणावं. सगळ्या पोरींना सांग, मी मुलांच्या स्की बघते."

तिनं सांगितलं. गाडीत बसलेल्या दोघींना सांगितलं, छातीवर नंबर बांधणाऱ्या तिसरीला सांगितलं. ब्रिन संडासाच्या रांगेत होती, या पायावरून त्या पायावर नाचत. टोवाला बघून तिनं हात हलवला. टोवानंही हलवला. चाळीस पावलं असतील, फार तर पन्नास. जायचंच होतं तिला, पाऊल उचललंही होतं... आणि तेवढ्यात बाबांनी हाक मारली.

बाबा तीन तास गाडी चालवून आले होते. ती नऊ वर्षांची असल्यापासून एकही शर्यत त्यांनी सोडली नव्हती. गळ्यात घड्याळ, हातात गाईच्या गळ्यातली घंटा, आणि चढावर उभं राहून ओरडायचे ते आकडे — पुढचीपेक्षा इतके सेकंद, मागचीपेक्षा इतके — जे तिला कधी कधी झोपेतही ऐकू यायचे.

"झोप लागली?"

"लागली."

"थापा नको मारूस. हे बघ, ती पोर ताकदीची आहे, पण भाबडी आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत तिच्या मागेच राहा. काय?"

"हो बाबा."

सगळं बाबांचं, असं तिला वर्षभर वाटत आलं होतं. ही ईर्षा, हे पहाटे पाचला उठणं, आपण म्हणजे त्यांच्या हातातली तिसरी काठी. आज सकाळी मोटेलच्या आरशासमोर दात घासताना तिच्या मनात आलं होतं, ब्रिन जिंकली तर? तर आपण सुटू. अगदी हलकं वाटलं होतं. तो विचार तिनं दोनतीनदा करून पाहिला होता, गोड गोळी जिभेवर इकडून तिकडे फिरवावी तसा. मग ब्रिनला सांगायला काय हरकत... पण तोवर सगळ्यांना रांगेत उभं राहायला बोलावलं होतं, आणि ब्रिन दोन ओळी पुढे होती, आणि कोणीतरी तिच्या काठीवर पाय दिला, आणि शर्यत सुटली.

पाच किलोमीटरच्या तीन फेऱ्या. पहिल्या दोन टोवाला नंतर आठवल्या नाहीत. आठवली ती ब्रिनची पाठ, त्या पाठीवर घामानं उमटलेला बेडकासारखा डाग, आणि डोक्यात उगाच फिरत राहिलेलं काहीबाही — गॅस बंद केला का, ग्रंथालयाचं पुस्तक. तिसऱ्या फेरीत सावलीच्या चढाशी पोचेपर्यंत इतकी पावलं पडून गेली होती की एकच खोबण धड उरली होती, आणि तीत ब्रिन होती. दमली होती. पाऊल मागे सटकत होतं, काठ्या उशिरा पडत होत्या. टोवाच्या अंगात अजून होतं — तिचं तिलाच नवल वाटलं, किती होतं! — पण पुढे ही पाठ. चढावर वर बाबांची घंटा. वाट द्यायचा नियम या शर्यतीत नव्हता. मागचीनं आपली वाट आपण शोधायची, बाहेरून, त्या भुरभुरीत बर्फातून...

"ब्रिन!"

एवढंच. नावच फक्त. आवाज कसा होता, ते तिला नंतर कितीही आठवून सांगता येईना. ब्रिननं मान किंचित वळवली, आणि जेवणाच्या टेबलावर कुणाला जागा करून द्यावी तशी ती उजवीकडे सरकली. खोबणीतून बाहेर. टोवा पुढे निघून गेली. मागे एक पाऊल पडल्याचा आवाज आला, दुसरं, आणि मग ती दबकी धप्प — गोळे धरलेल्या स्कीची. टोवानं मागे पाहिलं नाही. पाय मात्र असे चालले जसे आयुष्यात चालले नव्हते.

ती सातवी आली. ब्रिन एकोणिसावी.

शर्यतीनंतर सभागृहात वाटाण्याचं सूप होतं. बाबा शेजारी येऊन बसले, पावाचा तुकडा मोडत, आणि कोणी ऐकत नाही ना बघून हळूच म्हणाले, "हाक बरोबर जागी मारलीस." डोळा मिचकावला त्यांनी. इतके खूश ते कित्येक वर्षांत दिसले नव्हते. तिला शिसारी आली — आणि शिसारीखाली काहीतरी ऊबदार हललं, त्याची तिला जास्त भीती वाटली.

संघाच्या परतीच्या गाडीत ब्रिन आपण होऊन तिच्या शेजारी बसली. डोळे सुजले होते, पण हसत होती.

"मेले होते गं मी त्या चढावर. तू हाक मारलीस तेव्हा म्हटलं, हिच्यात दम आहे अजून, जाऊ दे हिला. कुणीही पुढे आलं तरी गुण कॉलेजलाच ना?" तिनं अर्धं सोललेलं संत्रं मांडीवर ठेवलं. "माझ्या जागी तू असतीस तर तूही दिली असतीस."

बाहेर बर्फानं वाकलेल्या कुंपणाच्या तारा पळत होत्या. पुढच्या बाकावर कोणीतरी घोरत होतं, त्याच्या कानात कोणीतरी टोपीचा गोंडा घालत होतं, आणि दाबलेलं हसू. टोवाला वाटलं, गप्प बसावं. गप्प बसलं तर हे असंच राहील, ब्रिननं ठरवलंय तसं, छान.

"युनिसनं सकाळी सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्या चढावर खोबण सोडू नका. सगळ्यांना सांग म्हणाली होती मला. तुला नाही सांगितलं."

ब्रिनचा हात संत्र्यावर थांबला.

"विसरलीस?"

किती साधा प्रश्न. 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. 'नाही' म्हटलं असतं तरी एका अर्थी संपलंच असतं. तिनं ती चाळीस पावलं पुन्हा चालून पाहिली. उचललेला पाय दिसत होता, बाबांची हाकही ऐकू येत होती, पण त्या दोहोंच्या मधे, जिथे ती स्वतः असायला हवी होती, तिथे नुसतं पांढरं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही, ब्रिन."

ब्रिननं तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे वळली. उठून मात्र गेली नाही.

आणि टोवाला जाणवलं की आपले गुडघे हलत नाहीयेत. सकाळपासून, खरं तर कितीतरी महिन्यांपासून चाललेली ती चुळबूळ थांबली होती. हलकं नव्हतं वाटत. उलट आत काहीतरी जड येऊन बसलं होतं, आणि ते बाबांचं नव्हतं. मला पुढे जायचं होतं. त्या चढावर, त्या हाकेच्या क्षणी, माझ्याइतकं कुणालाच जायचं नव्हतं — बाबांनासुद्धा नाही. हे आता कुणाला सांगायचं, आणि याचं करायचं काय... शेजारी ब्रिनचा खांदा गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तिच्या खांद्याला लागत होता, आणि टोवा आपला खांदा बाजूला न घेता, ताठ, जागी बसून राहिली.