कालव्याची गोष्ट

माझ्या नावावर एक गोष्ट आहे. आमच्या धर्मप्रांतातल्या, म्हणजे आमच्या बिशपच्या हद्दीतल्या, कुठल्याही कॅथलिक शाळेत माझं नाव काढलंत तर लोक म्हणतील, "मजेला क्वर्क ना? ती कालव्यावाली." चौथीला मी गणित उत्तम शिकवते, पण त्यासाठी मला कुणी ओळखत नाही.

पूर्वी आमच्या शाळा मठातल्या सिस्टर चालवायच्या. आता सिस्टर राहिल्या नाहीत. ज्या होत्या त्यांना म्हातारपणी सिडनीला नेलं आणि त्यांची कामं आम्हा मास्तर-मास्तरणींच्या गळ्यात पडली. सकाळची प्रार्थना कोण घेणार, पोरांच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीची तयारी कोण करून घेणार, एखाद्या पोराचे आजोबा गेले तर वर्गापुढे उभं राहून काय बोलायचं, सगळं आमच्यावर. म्हणून धर्मप्रांताचं शिक्षण कार्यालय दरवर्षी मे महिन्यात गावोगावचे तरुण शिक्षक निवडतं आणि दोन दिवस जुन्या मठात ठेवून त्यांना श्रद्धेच्या कामात पुढे उभं राहायला शिकवतं. पहिल्या दिवशी दुपारी कुणीतरी जुनं माणूस आपली साक्ष सांगतं, म्हणजे देव आपल्याला कुठे भेटला ते. बरीच वर्षं ते जुनं माणूस मीच आहे.

माझी साक्ष म्हणजे कालव्याची गोष्ट. माझा मुलगा अडीच वर्षांचा होता. मी कपडे वाळत घालत होते, फाटक नीट लागलं नव्हतं, आणि तो भाताला पाणी नेणाऱ्या कालव्यात पडला. मी त्याला बाहेर काढलं तेव्हा श्वास नव्हता. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी त्याची छाती दाबत होते आणि तोंडाने 'नमो मारिया'ची प्रार्थना चालली होती, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. दाबता दाबता तो खोकला, माझ्या अंगावर पाणी ओकला आणि डोळे उघडून म्हणाला, "टोस्ट." इथे लोक हसायचे. हसू ओसरेपर्यंत मी थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे आणि आवाज खाली आणून शेवटचं वाक्य म्हणायचे, "देवाला उशीर होत नाही." मग कुणीतरी नाक शिंकरायचंच.

पुढे पुढे मुलाचं नाव मी सांगेनाशी झाले. बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर त्यानेच तसं बजावलं होतं, कारण शाळेतली पोरं त्याला 'टोस्ट' म्हणून हाका मारायला लागली होती. "गोष्ट सांग, आई, पण माझं नाव नको घेऊस," म्हणाला. "त्यातला पोरगा तुझा. मी वेगळा." मला हसूच आलं होतं. पण तेव्हापासून नाव गाळलं ते गाळलंच.

गेल्या नोव्हेंबरात तो गेला. एकोणीस वर्षांचा होता. कापणीची पाळी संपवून पहाटे पिकअपने घरी येत होता, डोळा लागला आणि गाडी निलगिरीच्या झाडावर गेली. मी त्या वेळी झोपले होते. वाईट स्वप्न पडलं नाही, छातीत धस्स झालं नाही, काही नाही. छान गाढ झोपले होते.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. लोकांनी लझान्याचे इतके डबे आणून दिले की फ्रीजरचं दार लागेना. ते आम्ही खाल्ले. फेब्रुवारीत शाळा भरली तशी मी जाऊ लागले, भागाकार शिकवला, सकाळची प्रार्थनाही घेतली. किती खंबीर आहे ही, असं माझ्यामागे बोलतात ते मला कळायचं. खंबीर कसली डोंबलाची. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी सगळीच झाले होते.

एप्रिलमध्ये रोझलीनचा फोन आला. रोझलीन हॅनरहन कार्यालयात हे मेचं शिबिर बघते आणि माझी फार जुनी मैत्रीण आहे. यंदा नाही आलीस तरी कुणी काही म्हणणार नाही, म्हणाली. मग म्हणाली की आलीस तर मात्र बरं होईल, काय बोलायचं ते तू ठरव. मी येते म्हणून सांगितलं. घरात राहून तरी काय करायचं होतं? गॅव्हिन, माझा नवरा, सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये कुठलं तरी इंजिन उघडून बसतो आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी असते. त्यापेक्षा मठ बरा.

निघायच्या दिवशी गॅव्हिनने माझी बॅग गाडीत ठेवली. तो या शिबिराबिबिरात कधी पडत नाही. आजवर एकदाही त्याने माझी साक्ष ऐकलेली नाही. दार लावता लावता म्हणाला, "कालव्यातला पोरगा सांगायचा तर सांग. आपला सांगू नकोस."

मी नाही सांगणार म्हणाले. कालव्यातलाही सांगायचा नाही, असं मी वाटेत ठरवलं. मुलांच्या प्रश्नांना घाई न करता कसं ऐकायचं यावर चार शब्द बोलू आणि खाली बसू.

आमच्याकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, मठात थंडी होती. सिस्टर गेल्यापासून तिथे हीटर लावला की धुळीचा वास येतो. खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, मध्ये जमिनीवर पांढरं कापड, मेणबत्ती आणि शेजारच्या टेबलावर खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक. विसेक शिक्षक असतील. निम्मे आसपासच्या गावांतले, त्यांना नोव्हेंबर माहीत होता, ते माझ्याकडे बघून लगेच चहाच्या कपात बघत होते. लांबून आलेल्यांना काही माहीत नव्हतं. त्यांतली एक माझ्या समोरच बसली होती, ओफा लातू नावाची. टोंगा बेटांकडची, ग्रिफिथ गावच्या शाळेत दुसरीला शिकवणारी, आडव्या अंगाची, मोकळं हसणारी. तिने येतानाच दोन केक हातात घेऊन ठेवले होते.

रोझलीनने माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि माझं तोंड म्हणालं, "माझा मुलगा अडीच वर्षांचा होता."

मग थांबता आलं नाही. खरं सांगायचं तर थांबावंसंही वाटलं नाही. मी नुसती बाजूला उभी राहून ऐकत होते. फाटक आलं, कपडे आले, छाती दाबणं आलं. 'टोस्ट'ला निम्मे लोक हसले आणि निम्मे आपल्या बुटांकडे बघत राहिले. मी पाण्याचा घोट घेतला. आवाज जिथे खाली यायचा तिथे आला आणि शेवटचं वाक्यही मी म्हणून टाकलं.

ओफाच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने ते मनगटाने पुसलं आणि विचारलं, "आता केवढा आहे तो, आंटी?"

रोझलीन खुर्चीतून अर्धी उठली.

"एकोणीस," मी म्हणाले.

"अगं बाई. काय करतो?"

"काही नाही करत. नोव्हेंबरात गेला. गाडी झाडावर गेली."

ओफाने सॉरी वगैरे काही म्हटलं नाही. ती उठली, मेणबत्तीला वळसा घालून माझ्यापाशी आली आणि त्याचं नाव काय, एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं, फिन्टन. त्या खोलीत ते नाव मी कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. "फिन्टन," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिच्या भाषेतलं कसलंसं भजन म्हणायला लागली. शब्द कुणालाच येत नव्हते, पण सगळे उभे राहिले. माझ्या स्कर्टवर तिच्या हातातल्या केकचा खोबऱ्याचा कीस पडला होता, तो मी झटकत होते.

चहाची भांडी विसळताना ओफा टॉवेल घेऊन माझ्या शेजारी आली. तिची काहीतरी बोलायची चुळबूळ चालली होती. शेवटी सांगितलं तिने. गेल्या वर्षी तिच्या वर्गातली एक मुलगी रक्ताच्या कॅन्सरने गेली. त्यांच्या मुख्याध्यापकांनी पूर्वी कधीतरी माझी साक्ष ऐकली होती. वर्गाला काय सांगू म्हणून ओफाने विचारलं तेव्हा त्यांनी तिला माझं वाक्य दिलं, आणि तिने ते मुलांना सांगितलं. देवाला उशीर होत नाही. गेलेल्या मुलीची जुळी बहीण त्याच वर्गात होती. तिने हात वर करून विचारलं, मग तो कुठे होता?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काही नाही. गाणं म्हटलं. दुसरं काय करणार, आंटी? मला वाटलं तुम्हाला विचारावं. तुम्हाला माहीत असेल."

"मला नाही माहीत."

ओफाने मान हलवली आणि पुढची बशी घेतली. ती नाराज झाल्यासारखी वाटली नाही. आम्ही सगळी भांडी पुसून कपाटात लावली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर लोक निघाले. मी गाडीत बॅग ठेवत होते तर रोझलीन कोट सावरत आली. आधी तिने मला मिठी मारली. मग ती बोलायला लागली आणि मला पहिल्यापासून कळत होतं की तिने रात्रभर यावर विचार केला आहे. काल जे झालं तसं या शिबिरात कधी झालं नव्हतं, म्हणाली. ही पोरं आज ना उद्या एखाद्या वर्गापुढे उभी राहणार आणि तिथलं एक बाक रिकामं असणार. त्यांना तयार करायला आपल्याकडे काय आहे? गाणी आणि मेणबत्त्या. ओफाच्या वर्गात झालेलं सगळं तिला कळलं होतं.

"आताच नाही म्हणत मी," रोझलीन म्हणाली. "पुढच्या मेमध्ये. तुला जमेल तेव्हा. पण दोन्ही सांग, मजेला. कालवा सांग आणि मग नोव्हेंबर सांग. तुझ्या गोष्टीत आता जे आलंय ना, ते पूर्वी नव्हतं."

ती वाईट बोलत नव्हती. तिचं बरोबरही असेल. मी तिच्या कोटाच्या वरच्या बटणाकडे बघत उभी होते आणि सवयीने 'बरं' म्हणणार होते. पण पोटात काहीतरी गरम झालं. इतक्या महिन्यांनी झालं म्हणून आधी मला ओळखूच आलं नाही. राग होता तो.

"नाही," मी म्हणाले. "तो कालव्यातला दिला मी तुम्हाला. वापरा हवा तेवढा. फिन्टन नाही देणार."

रोझलीनचा चेहरा पडला. तसं नव्हतं गं म्हणायचं मला, असं ती पुटपुटली. मला माहीत होतं. मी तिच्या दंडावर थोपटलं, गाडीत बसले आणि काच वर केली. ती मठाच्या पायऱ्यांकडे वळली. पुढच्या काचेतून ओफा दिसत होती, कुणाच्या तरी गाडीत खुर्च्या चढवत होती.

चांगलं केलंस, मी स्वतःला म्हटलं. गॅव्हिनला सांगता येईल. किल्ली लावली आणि पट्टा ओढून घेतला.

आणि माझं तोंड बोलायला लागलं. "कापणीचे दिवस होते," ते म्हणालं. "तो पहाटे घरी यायला निघाला होता, आणि मी..." इथे ते थांबलं. बरोबर ठिकाणी थांबलं, लोकांनी पुढे सरकून बसावं इतकंच. मग आवाज खाली आला. "मी झोपले होते."

छान झालं होतं वाक्य. पुढच्या मेमध्ये एक शब्दसुद्धा बदलावा लागला नसता.

मी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. नोव्हेंबरात आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं, गाडी सुरू होती आणि पार्किंगमधले सगळे बघत होते.