बारीक होण्याचा वर्ग

त्या संध्याकाळीही वर्गाला चारच मुली आल्या. टायरच्या दुकानावरच्या त्या लांबट हॉलमध्ये पूर्वी उभं राहायला जागा नसे. पण कारखान्याची एक पाळी बंद झाली, घराघरांत खर्चाला कात्री लागली, आणि ती सगळ्यात आधी चालली पोरींच्या नाचावर. मुलांच्या शिकवण्या चालू राहिल्या.

नाच शिकवणाऱ्या ताईने सगळे उपाय करून पाहिले होते. शाळेच्या फाटकाशी उभं राहून पत्रकं वाटली. पहिला आठवडा फुकट ठेवला. मोबाइलवर रोज व्हिडिओ टाकले. लोक अंगठा दाखवत, हॉलचा जिना मात्र कोणी चढत नसे.

"नाच कोणाला हवाय आता?" एके दिवशी नवरा म्हणाला. त्याच पाळीत त्याचीही नोकरी गेली होती, म्हणून जाहिरातीचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. त्याने मोबाइल पुढे केला. 'लग्न जमवायचंय? नाचता नाचता सडपातळ व्हा. खास मुलींसाठी.'

"अहो, हे काय लिहिलंय? मी नाच शिकवते."

"शिकव ना. कोण नको म्हणतंय? आधी माणसं तर जिना चढू देत."

ताईचा जीव नुसता चडफडला. पण हॉलच्या थकलेल्या भाड्यासाठी घरमालक दोनदा येऊन गेला होता. तिने जाहिरात जाऊ दिली.

जाहिरात मोबाइलवर गेली, हॉलच्या दारावर तिचा फलकही लागला, आणि फोन थांबेना. आठवड्याभरात हॉल भरला. मुली आयांबरोबर येत, मागच्या रांगेसाठी भांडत आणि आरशाकडे बघणं टाळत. आया बाकावर बसून पोरींच्या कमरांची चर्चा करत. नवरा खुशीत होता. ताई रोज घरी येऊन भांडी आपटत होती.

त्या मुलींत एक होती बबडी. बावीस-तेवीस वर्षांची, एका दवाखान्यात औषधं देणारी, अंगाने भरलेली. ताल कानावर पडला की तिचे पाय आपोआप उचलले जात. एकदा ताईने तिला पुढे घेऊन नाचाचा एक लांब तुकडा करायला लावला, तर सगळा वर्ग थांबून बघत राहिला. बबडीचा चेहरा असा फुलला, की बाकावरच्या बायकाही बोलायच्या थांबल्या.

तिची आई तेवढी उठून आली. "मॅडम, ते हातवारे राहू देत. हिचा घाम काढा. दोन ठिकाणहून नकार आलाय, जाडी म्हणून. शनिवारी तिसरे येताहेत."

"काकू, मुलगी सुरेख नाचते."

"नाच बघून कोण पसंत करतंय, मॅडम?"

बबडी पुन्हा मागच्या रांगेत गेली.

गुरुवारी उड्यांचा व्यायाम चालू असताना ती घेरी येऊन पडली. बाकाची कड कपाळाला लागली. ताईने आणि नवऱ्याने तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं, मागोमाग आई धावत आली. टाके घालता घालता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काल काय जेवलीस?"

"काकडी."

"आणि परवा?"

बबडी आईकडे बघायला लागली.

आईचे डोळे भरून आले होते. तिने पदराने ते पुसले आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, शनिवारपर्यंत हे टाके दिसायचे बंद होतील का?"

ताईला त्या बाईचा राग यायला हवा होता, पण आला स्वतःचाच. लेकीला उपाशी ठेवणाऱ्या त्या आईला पत्ता कोणी दिला होता? तिच्याच दारावरच्या फलकाने.

परत येताच तिने फलक उतरवला.

"वेड लागलंय तुला?" नवरा म्हणाला. "आपण नाही केलं तर दुसरा कोणी करेल."

"करू देत. माझ्या हॉलमध्ये नको."

त्याचं म्हणणं खरं ठरलं. पंधरा दिवसांत चौकापलीकडच्या जिमने तशीच जाहिरात लावली आणि ताईच्या हॉलमधल्या बहुतेक आया तिकडे वळल्या. नवरा धड बोलत नव्हता. ताई पुन्हा पत्रकं घेऊन रस्त्यावर उभी राहू लागली. त्यांवर एवढंच होतं, 'इथे नाच शिकवतात. कोणत्याही अंगाच्या माणसाला.' लोक वाचून हसत आणि पुढे जात.

एका दुपारी बबडी एकटीच आली. कपाळावरची खूण ताजी होती.

"शनिवारच्यांचं काय झालं?" ताईने विचारलं.

"मी त्यांच्यासमोर बसलेच नाही. आई अजून बोलत नाही माझ्याशी." तिने चपला काढल्या. "ताई, तो लांब तुकडा पुढे कसा जातो?"

ताईने ताल लावला. मोठ्या हॉलमध्ये दोघीच होत्या. बबडी सगळ्यात पुढे, आरशासमोर जाऊन उभी राहिली.

चौकापलीकडे त्या वेळी मुलींची रांग लागलेली होती. वाचकहो, त्या रांगेत आपल्या घरातलं कोणी उभं आहे का, आणि तिला तिथे कोणी पाठवलं, एवढं एकदा बघून या.