कैरी की पिस्ता

हिरव्यात हिरवं, त्यात काय बघायचं, असं आमचे धनी म्हणतात. त्यांचं काय घेऊन बसलात, त्यांना बैल नि भात सोडून कशातच फरक दिसत नाय! पण गणपतीच्या खोलीचा रंग मीच ठरवणार, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. बारा महिने कापडे गावातलं हे घर झाडतं कोण? मी. आणि धाकटी जाऊ ललिता भांडुपला राहणार, गणपतीला पाहुणीसारखी येणार, नि रंग मात्र ती सांगणार!

भरत पेंटरनं भिंतीवर दोन पट्टे मारले. एक कैरी, एक पिस्ता. माझं मन कैरीवर बसलं. ललितानं व्हिडिओ कॉलवर बघितलं नि म्हणाली, "ताई, पिस्ताच हां! कैरी एकदम डल वाटतो."

डल म्हणे! फोन ठेवला नि भरतला सांगितलं, "मार रे कैरी. आणि कोपऱ्यातला पिस्त्याचा पट्टा तसाच ठेव. येऊ देत बाईसाहेब, दाखवतेच फरक."

बोलायचं वाक्यसुद्धा तयार होतं. भाकऱ्या थापताना घोकत होते, "जी घर राखते, तिची भिंत."

ललिता आली ती बॅग हातात घेऊनच खोलीत शिरली, आणि थबकली.

"ताई, माझा पिस्ता लावलात?"

मी तोंड उघडलं, तर हिचे डोळे भरलेले!

"मला वाटलं, तुम्ही तुमचाच लावणार. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मला कुणी काही विचारलंच नाही. वाटायचं, आपण इथे पाहुणेच."

अगो बाई! घोकलेलं वाक्य राहिलं बाजूला. पाहुणी तर मीच म्हणत होते तिला. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात धनी आत आले. "अगो, पण हा तर कैरी..."

जन्मात एकदा माणसाला फरक दिसला, तो नेमका तेव्हाच! हातातल्या ताटलीतली करंजी मी त्यांच्या तोंडात कोंबली नि पदर सावरत कोपऱ्यातल्या पट्ट्यासमोर जाऊन उभी राहिले. आरतीसुद्धा तिथूनच म्हटली.

आता घरात येईल त्याला ललिता भिंत दाखवते. "माझी चॉइस!" मी मान डोलवते. कोपऱ्यात कपाट सरकवून ठेवलंय. ते हलवायचं कुणी नाव काढलं, तर माझ्याशी गाठ हाय.